सत्त्याण्णव वर्षांची आई

मी मोरोक्कोत, अगादीरला सार्डिन माशांच्या कारखान्यात लेबलं तपासते. डब्यात तेल किती, मीठ किती, तारीख नीट उमटलीय का, आत जे आहे तेच बाहेर छापलंय का, हे बघायचा मी सोळा वर्षं पगार घेतेय. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढचं ऐकलं की लोक विचारतात, "रकिया, तुला लेबल वाचता येत नव्हतं का गं?" येत होतं. वाचलं नाही.

एका संध्याकाळी ताजीन, म्हणजे आमचा मंद आचेवरचा रस्सा, शेगडीवर ठेवून मी फोनवर लसूण झटपट सोलायची युक्ती बघत होते. लसूण मला लहानपणापासून सोलता येतो, तरी बघत होते. मध्येच जाहिरात आली. एक घड्याळ उलटं पळत होतं: फक्त चौदा मिनिटं! शेवटच्या तीन डब्या! आणि एक म्हातारी थेट माझ्याकडं बघत होती. केस पांढरेशुभ्र, डोळ्यांभोवती सुरकुत्यांचं जाळं, गाल मात्र लोण्यासारखे. खाली लिहिलं होतं, "लल्ला तौनझा, वय सत्त्याण्णव. तीनशे वर्षांची पाककृती. डोंगरातल्या शुद्ध अर्गन तेलाचं क्रीम." आमच्याकडं मान द्यायला बाईला लल्ला म्हणतात. चौदा मिनिटं संपली आणि घड्याळ पुन्हा चौदापासून पळायला लागलं. तिथंच शहाणं व्हायचं, तर मी दुसऱ्यांदाही शेवटपर्यंत बघितलं. ताजीन करपलं. हम्मूनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, बिचाऱ्यानं, काळे बटाटे खरवडून खाल्ले.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर मी जाहिरातीतल्या दुकानात गेले. तिथली पोरगी डॉक्टरणीसारखा पांढरा कोट घालून उभी होती. माझ्या गालाला बोट लावून म्हणाली, "ताई, तुमची त्वचा फार थकलीय."

"त्वचा नाही, मी थकलेय. आठ तास उभी असते."

"तेच ते," ती म्हणाली, आणि दोनशे ऐंशी दिरहमला एक डबी माझ्या हातात आली. शेवटच्या तिनांतली एक. मागच्या फळीवर आणखी साठ तरी होत्या. म्हातारीच्या नाकात काहीतरी ओळखीचं वाटत होतं, पण मी म्हटलं, आमच्या डोंगरातल्या सगळ्याच बायकांची नाकं अशी.

महिन्याभरानं आई गावाहून आली, चष्मा करायला. माझी आई इज्जा. तिच्या गावाजवळ, तमनारच्या रस्त्यावर, हाज लहबीबचं अर्गन तेलाचं मोठं दुकान आहे. पाटीवर 'महिला सहकारी संस्था' असं लिहिलंय. संस्थेत महिला एकही सभासद नाही, सभासद म्हणजे हाज आणि त्याचे दोन मेहुणे. महिला दारातल्या चटईवर बसतात. आई त्यांतलीच. परदेशी लोकांची बस आली की दगडावर अर्गनच्या बिया फोडायच्या, एवढंच काम. बस नसली की चहा.

चष्मा मिळाला त्या दुपारी आई नमाजाआधी हातपाय धुवायला न्हाणीघरात गेली आणि आतून ओरडली.

"रकिया! मी तुझ्या न्हाणीघरात काय करतेय?"

"हातपाय धुतेयस ना?"

"अगं ही मी नव्हे, ती मी!"

आत गेले तर आईनं डबी नाकापाशी धरली होती. मी एकदा डबीकडं, एकदा तिच्याकडं बघितलं. नाक तेच. हनुवटीवरचं गोंदण तेच. आई एकोणसाठ वर्षांची, केसांना मेंदी, गाल उन्हानं रापलेले. त्या लोकांनी फोटोत केस पांढरे केले होते, सुरकुत्या घातल्या होत्या आणि गाल घासून काढले होते.

"या सुरकुत्या माझ्या नाहीत," आई म्हणाली. "आणि हे गाल तर तुझ्या आजीच्या लग्नातही नव्हते कुणाचे. " मी तिला वर छापलेलं नाव आणि वय वाचून दाखवलं. "तौनझा कोण ही बया?"

मग तिला आठवलं. दोन वर्षांपूर्वी एक माणूस छत्री आणि मोठा कॅमेरा घेऊन आला होता. हाजनं प्रत्येकीला साखरेची एकेक उभी ढेप दिली आणि एका कागदावर अंगठा घेतला. कॅमेरावाला म्हणाला होता, 'हसू नका, गंभीर व्हा, गेलेल्या नवऱ्याची आठवण काढा.' आईनं आठवण काढली आणि तिला हसूच आवरेना. शेवटी गॅसच्या टाकीची किंमत आठवायला सांगितली, तेव्हा चेहरा जमला.

आईनं झाकण काढून वास घेतला. "यात गुलाब आहे, व्हॅनिला आहे. मी आहे. अर्गन नाही."

तेव्हा कुठं मी डबी उलटी करून वाचली. नियम सगळीकडं सारखाच असतो, जे जास्त ते आधी लिहायचं. पहिलं पाणी. मग पॅराफिन, ग्लिसरीन, मेण, अत्तर, रंग. आणि सगळ्यांच्या शेवटी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, अर्गन. सार्डिनच्या डब्यावर असं आलं असतं तर मी सबंध पेटी परत पाठवली असती.

आई खो खो हसायला लागली. "तुमच्या दुकानातलं तेल तरी खरं असतं का?" मी विचारलं.

"कुठलं गं! आम्ही गेल्या वर्षापासून त्याच चार टोपल्या फोडतोय. फोडलेल्या बिया आत जातात आणि टरफलांत मिसळून पुन्हा बाहेर येतात. तेल पहाटे ट्रकमधून येतं, निळ्या पिंपांतून. सूर्यफुलाचं असेल. त्या परदेशी लोकांना काय कळतंय? एकीनं तर टरफलं विकत नेली."

"आणि तू हसतेस?"

"मग रडू? त्यांच्याकडं पैसा आहे, आमच्याकडं टरफलं."

"आई, मी कुठं परदेशी आहे?"

तेव्हा तिनं डबी खाली ठेवली, पुन्हा उचलली. "चल," म्हणाली, "मला त्या दुकानात ने."

मी नको नको म्हणत होते, पण आई एकदा चष्मा लावून निघाली की मागं फिरत नाही. दुकानात कासाब्लांकाहून सुट्टीला आलेल्या सात-आठ बायका होत्या. आई दारातच उभी राहिली. डबी स्वतःच्या गालाशी धरली आणि म्हणाली, "बायांनो, ही मी. मी तौनझा नाही, सत्त्याण्णवची नाही. मी हे कधी तोंडाला लावलेलं नाही. हे घेऊ नका."

बायका वळल्या. मग सगळ्या एकदम तिच्यावर तुटून पडल्या.

"या अल्ला, तीच! खरी खरी तीच!"

"सत्त्याण्णव! आणि पाठ बघा कशी ताठ!"

"मी एकोणसाठची आहे!" आई ओरडली.

"विनोदी पण आहेत हो," एक म्हणाली आणि आईच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला. पांढऱ्या कोटातल्या पोरीनं पटकन खुर्ची आणली. "बसा लल्ला, बसा ना." आई 'घेऊ नका, घेऊ नका' म्हणत होती आणि पोरगी डब्या पिशव्यांत भरत होती. महिनाभर जाहिरात करून खपल्या नसतील एवढ्या डब्या आईनं पाच मिनिटांत खपवल्या. मला जमीन दुभंगावी असं झालं होतं. हसूही येत होतं.

मग आईनं आवाज खाली आणला. तिचा खालचा आवाज फार वाईट. पिशवीतून तिनं सकाळच्या रोटीचा तुकडा काढला, त्यावर बोटभर क्रीम फासलं आणि तुकडा पोरीपुढं धरला.

"खा."

"अहो, हे चेहऱ्याला लावायचं असतं."

"तीनशे वर्षांची पाककृती म्हणतेस ना? माझ्या डोंगरात अर्गनमध्ये रोटी बुडवतात. बाळंतिणीला देतात, पाहुण्याला देतात. घे, मी तुला पाहुणी समजते. खा, माझ्या लेकी."

पोरीनं हात मागं घेतले. आईनं तो फोटोवाल्या बाईपुढं धरला. बाई मागं सरकली. "मग रात्री तोंडाला लावून झोपणार, ते तोंडात गेलं तर?" आईनं विचारलं. चौघींनी डब्या परत ठेवल्या. दोघी म्हणाल्या, आमचे पैसे देऊन झालेत, आता काय. आणि एकीनं डबी तर घेतलीच, वर झाकणावर आईचा अंगठा मागितला. आम्हाला बाहेर काढण्यात आलं. माझी डबी परत घ्यायला ते तयार नव्हते, सील फुटलं होतं म्हणे.

रस्त्यावर आई चडफडत होती. "खोटं सांगितलं तर ऐकतात, खरं सांगितलं तर फोटो काढतात! काय मेली जात आहे!"

गावी परतल्यावर ती हाज लहबीबपुढं जाऊन उभी राहिली. हाज गोड माणूस. चहा दिला, चहात पुदिना जास्त घातला, अंगठ्याचा कागद दाखवला. "लल्ला इज्जा, तुझा चेहरा अमेरिकेपर्यंत गेला आणि तू रागावतेस? डब्या मीच शहरात पाठवतो, तुला आवडत नसेल तर बदलतो." आणि बदलला खरोखर. पुढच्या खेपेला डबीवर आईची शेजारीण मामास आली, वय एकशे चार, आणि त्या डब्या हाजनं आता स्वतःच्या दुकानातही मांडल्या.

मामास खूश. "तुला सत्त्याण्णवच, इज्जा," ती चटईवर बसून टेंभा मिरवायची. "मला बघ, शंभरी पार."

"तुझ्या नातीनं घेतली का गं डबी?"

"घेतली की. तीन घेतल्या. वर पैशाचा तगादा लावलाय माझ्याकडं, तुझ्याच फोटोपायी घेतल्या म्हणते..." आणि मामासच्या हातातला दगड थांबला.

त्या संध्याकाळी आईनं मला फोन केला. "त्या डबीत काय काय घातलंय ती नावं सांग. हळू सांग, मला पाठ करायचीत."

"कशाला?"

"सांग गं भवाने."

मी सांगितली. तीनदा सांगितली. पुढचं मी मामासच्या तोंडून ऐकलं आणि मग फोनवर पाहिलं, कारण ते निम्म्या मोरोक्कोनं पाहिलं.

मंगळवारी दोन बस आल्या. वाटाड्या नेहमीसारखा म्हणाला, "या भगिनींना कुठलीही भाषा येत नाही, फक्त श्रम आणि गाणं येतं." नेहमी त्या लग्नातलं एखादं गाणं म्हणायच्या. त्या दिवशी आईनं दगडावर ठेका धरला आणि सूर लावला. बाकीच्या सहाजणींनी मागं झील धरली:

"पहिलं काय गं?" "पाणी, पाणी!"
"मग गं काय?" "पॅराफिन!"
"त्याच्या मागं?" "ग्लिसरीन!"
"आणि अर्गन?" "शेपटाला गं, शेपटाला!"

मध्ये मध्ये जिभेनं ललकाऱ्या. लोक टाळ्या वाजवत होते, फोन वर करून होते. वाटाड्याचा चेहरा उतरला, पण गाणं थांबवायचं कसं? तोच तर तारीफ करून बसला होता. आमची भाषा पाहुण्यांना कळत नव्हती, पण पॅराफिन आणि ग्लिसरीन ही बिचारी जगभर त्याच नावानं फिरतात. एक उंच, लालबुंद म्हातारी डबी हातात धरून ऐकत होती. दुसऱ्या कडव्याला तिनं डबी उलटी केली. तिसऱ्याला तिचं बोट ओळीवरून सरकायला लागलं. चौथ्याला ती स्वतःच मोठ्यानं म्हणाली, "पॅराफिन!" आणि गडगडाट करून हसली. मग तिनं नवऱ्याला दाखवलं, नवऱ्यानं सगळ्या बसला. त्या दिवशी हाजच्या दुकानातून पाण्याच्या सहा बाटल्या तेवढ्या खपल्या.

हाजनं आईला त्याच दिवशी घरी बसवलं. बाकीच्यांना काढलं नाही. सगळ्यांना काढलं तर चटईवर बसणार कोण, मेहुणे? मामासनं आठवडाभरानं आपण होऊन सोडलं. घरी येऊन म्हणाली, "एकशे चार वर्षांच्या बाईनं आता काम करू नये."

आता त्या दोघी आईच्या अंगणात खरं तेल काढतात. एक बाटली काढायला सबंध दिवस जातो. बिया फोडा, भाजा, जात्यावर दळा, तो काळा लगदा कोमट पाणी घालून हात मोडेपर्यंत मळा. गिऱ्हाईक थोडं. एक जोडपं सगळं बघायचं म्हणून आलं, वीस मिनिटांत जांभया द्यायला लागलं आणि गेलं. आईला ना खंत ना खेद. "खरं बघायला बूड टेकावं लागतं," म्हणाली. मी मात्र सुधारले असं छातीठोक सांगणार नाही. गेल्याच महिन्यात एका लादी पुसायच्या काठीच्या जाहिरातीसमोर मी बारा मिनिटं उभी होते. विकत घेतली नाही, एवढंच.

परवा शुक्रवारी मी गावी होते. दुपारच्या नमाजानंतर मागच्या कुंपणाशी कुणीतरी खाकरलं. हाज लहबीब. हातात रिकामी बाटली, नजर जमिनीवर.

"लल्ला इज्जा, मुलीचं लग्न आहे. पाहुण्यांपुढं अमलू ठेवायचंय. बदाम आहेत, मध आहे. तेल..."

"तुझ्याकडं पिंपं आहेत की हाज, निळी."

"घरचे लोक आहेत," हाज पुटपुटला. "त्यांना कळतं."

मामासनं तोंडाला पदर लावला. आई उठली नाही. जात्याकडं बोट करून म्हणाली, "बी भाजलेलं आहे. बस, दळ."

हाजनं आजूबाजूला बघितलं, लांब जेलाबा झग्याच्या बाह्या वर सारल्या आणि बसला. तासभर दळत होता. टोपी भिजली, श्वास भात्यासारखा चालला होता. शेवटी खुंटा सोडून त्यानं विचारलं, "झालं का?"

"दळणं झालं," आईनं परात त्याच्यापुढं सरकवली. "आता मळायचंय."