नारळाचा आवाज

मी एक आठ सिलिंडरची, चार दारांची, निळी गाडी बोलतेय. बोलणं मला नवीन नाही. गेल्या दसऱ्यापासून मी बोलतच होते. फक्त ते कुणाच्या कानावर गेलं नाही, आणि ज्यांच्या गेलं त्यांनी त्याचा भलताच अर्थ लावला.

माझा जन्म ऑस्ट्रेलियातला. जहाजातून न्यूझीलंडला उतरले तेव्हा अंगावर धुळीचा कण नव्हता आणि डोक्यात मात्र भरपूर हवा होती. माझ्यासारखीला मसल कार म्हणतात. ताकद पुष्कळ, पेट्रोलची भूक त्याहून पुष्कळ, आणि सिग्नलला उभी राहिले तरी शेजारच्यांनी वळून बघावं असा घसा.

माझी पहिली मालकीण टौरंगाच्या एका शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. लोकांना वाटायचं, गाडी नवऱ्याची असणार. नवरा बिचारा एका चिमुकल्या लाल गाडीतून फिरायचा. बाईंचा कान भारी तिखट, सगळी हयात शेवटच्या बाकावरची कुजबुज पकडण्यात गेलेली. माझ्यात कुठे जरा खुट्ट झालं की रेडिओ बंद, काच खाली, आणि ‘काय झालं ग तुला?’ असं इंग्रजीत विचारत बाई मला थेट गॅरेजात नेत. तेव्हा मला त्या कटकटीचा राग यायचा. आज त्या प्रश्नासाठी जीव तुटतो.

बाईंचे गुडघे गेले आणि त्यांनी मला विकलं. घेणारा इंद्रनील. मूळचा पुण्याचा, हॅमिल्टनला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, रोटोटुनात घर. बायको वल्लरी हॉस्पिटलात नर्स. मुलगी श्रिया इथेच जन्मलेली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. कॉलेजात असताना आपण खोलीच्या भिंतीवर माझ्यासारख्या गाडीचं चित्र लावलं होतं, हे इंद्रनीलनं मला धुताना सांगितलं. गाडी धुताना माणसं फार खरं बोलतात. त्या दिवसापासून माझा त्याच्यावर जीव जडला, आणि तो अजूनही आहे.

त्यानं मला रोज वापरलं. ऑफिस, श्रियाची शाळा, तिचे पोहण्याचे तास, कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध. इतकी ताकद घेऊन मी कोथिंबिरीच्या जुड्या वाहिल्या, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

वाईट सुरू झालं ते ‘अपग्रेड’ या शब्दापासून. मला अजून जोरदार करायचं, पण स्वस्तात, असं इंद्रनीलच्या मनानं घेतलं. संध्याकाळी तो गॅरेजात माझ्याच सीटवर बसून मोबाइलवर व्हिडिओ बघायचा. कुणी म्हणे आधी हवा आत घेणारा पाइप बदला, कुणी म्हणे इंजिनचं ट्यूनिंग करा, कुणी म्हणे सायलेन्सर. मी ऐकत होते. माझ्या पुढच्या चाकांतले ब्रेकचे पॅड झिजून पातळ झाले होते, ब्रेकचं तेल जुनं होऊन काळं पडलं होतं. गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे याचं इथे वॉरंट लागतं, त्याच्या तपासणीला माणसानं पासचा स्टिकर लावताना म्हटलंही होतं, की पुढच्या खेपेपर्यंत पॅड टिकायचे नाहीत. इंद्रनील इथल्या लोकांसारखं ‘स्वीट ॲज’, म्हणजे काही हरकत नाही, असं म्हणाला आणि किल्ली घेऊन निघाला.

वल्लरीनं विषय काढला होता. ती म्हणाली, “एकच काम परवडणार आहे ना आत्ता? मग आधी ब्रेक आणि टायर बघ. श्रिया बसते मागे.”

इंद्रनीलनं टौरंगाच्या कुशलला फोन लावला. कुशल त्याचा कॉलेजपासूनचा मित्र, गाड्यांतला जाणकार म्हणून मिरवणारा. स्पीकरवरून त्याचा आवाज आला, “ब्रेक म्हणजे मेंटेनन्स रे. त्याला कोण अपग्रेड म्हणतं? व्ही-एट घेतलीस आणि आवाज नाही, काय अर्थ आहे? मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसव. फरक हीप्स जाणवेल, भरपूर.”

झालं. सायलेन्सर आला. खरं सांगते, पहिल्या दिवशी मीही हरखले. असा घसा मला कधीच नव्हता. आख्खी गल्ली खिडकीत आली. श्रियानं मात्र कानांवर हात ठेवले आणि म्हणाली, “टू लाउड, बाबा.” तेव्हापासून माझ्या काचा कायम वर.

मग दसरा आला. मला झेंडूचा हार, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, नव्या सायलेन्सरलाही हळद-कुंकू. इंद्रनीलनं माझ्या पुढच्या चाकाशी, सिमेंटवर, नारळ फोडला. पाणी सगळं चाकावर उडालं. वल्लरीनं खोबऱ्याचे तुकडे शेजारच्यांना वाटले, आणि त्यांनी ते हातात धरून हे कशाशी खातात म्हणून विचारलं.

नेमकी दुसऱ्या दिवशी सकाळी मी चीं केलं.

ब्रेकच्या पॅडला एक बारीक पत्रा असतो. पॅड संपत आला की तो चाकाच्या चकतीला टेकतो आणि ओरडतो. एवढ्याचसाठी बसवलेला असतो तो. मला तोंड म्हणून दिलेलं ते तेवढंच. मी सगळा जीव एकवटून चीं केलं.

वल्लरीनं ऐकलं. “काहीतरी वाजतंय रे चाकात.”

इंद्रनील वाकून बघून म्हणाला, “काल नारळाचं पाणी उडालंय ना चकतीवर. चिकट असतं. जाईल दोन दिवसांत.”

तिनं पाइप घेऊन चाक धुतलं. किती मायेनं धुतलं. मी पुन्हा चीं केलं, तर ती म्हणाली, “बाई ग, नारळ अजून आहेच.” मग घरात त्या आवाजाचं नावच पडलं, नारळाचा आवाज. ड्राइव्हवेतून निघताना श्रिया हसून म्हणायची, “देअर गोज द नारळ.” रस्त्याला लागलं की सायलेन्सरची गर्जना सुरू व्हायची आणि माझी चीं तिच्याखाली बुडून जायची. मी ओरडतेय आणि माझाच आवाज मला गप्प करतोय, याच्याहून लाचार अवस्था कुठली असेल ते मला ठाऊक नाही.

दिवाळीच्या आधी चीं थांबली. पत्राही झिजून गेला होता. आता लोखंड लोखंडाला घासत होतं, त्याचा आवाज जाड, खरखरीत, बराचसा सायलेन्सरसारखाच. इंद्रनील खूश होऊन म्हणाला, “गेला बघ एकदाचा नारळ.”

दिवाळीचा फराळ कुशलच्या घरी होता. हॅमिल्टनहून टौरंगाला जाताना कायमाईचा घाट लागतो. वल्लरीच्या मांडीवर चकलीचा डबा, मागे नव्या परकर-पोलक्यात श्रिया. पाऊस होता. मला घाटाच्या अलीकडेच बंद पडायचं होतं. किती ठरवलं, पण इंजिन माझं ठणठणीत. ते दगा देईना.

उताराला तो ब्रेक दाबत राहिला आणि चाकं तापत गेली. ब्रेकचं जुनं तेल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले. एका वळणावर पुढे लाकडाचे ओंडके भरलेला ट्रक दिसला, इंद्रनीलनं पाय दाबला आणि पेडल सरळ तळाला गेलं. त्यानं पुन्हा दाबलं. माझ्याकडे द्यायला काही उरलं नव्हतं.

त्यानं गिअर खाली आणला, हँडब्रेक ओढला आणि मला डाव्या बाजूच्या मातीच्या कड्यावर घातलं. त्यानं केलं तेच बरोबर होतं. श्रियाला खरचटलंही नाही. वल्लरीचं उजवं मनगट मोडलं. त्यात धातूची पट्टी आणि स्क्रू बसले, आणि आता पेशंटला आधार देऊन उठवणं तिला जमत नाही. वॉर्डातून तिला टेबलावरच्या कामाला बसवलंय. हे मला कुशलच्या तोंडून कळलं.

कुशल आणि इंद्रनील इथे आले होते, टौरंगाच्या या भंगारवाल्याच्या आवारात, सामान न्यायला. डॅशबोर्डवरचा गणपती, सीटखाली गेलेली श्रियाची एक जॅंडल, म्हणजे रबरी चप्पल, चुरा झालेल्या चकल्या. कुशल लांबच उभा राहून भंगारवाल्याशी बोलत होता. इंद्रनील माझ्या पुढच्या चाकाशी उकिडवा बसला. चकतीवर पडलेल्या खोल चऱ्यांवरून त्यानं बोट फिरवलं, बराच वेळ. मग हळूच म्हणाला, “अगं, सांगायचंस तरी.”

मला त्याच्यावर रागावता आलं असतं तर बरं झालं असतं.

तुमच्याही दारात एखादी असेल, तर एक दिवस रेडिओ बंद करा, काच खाली करा आणि तिला विचारा काय होतंय. देवाशपथ, ती सांगेल.

काल एक तरुण आला, मळक्या पिवळ्या जाकिटातला. त्यानं माझा सायलेन्सर खोलून घेतला, जवळजवळ नवाच आहे म्हणून आनंदानं आपल्या गाडीत ठेवला. तुझे ब्रेक कसे आहेत, असं त्याला कुणीच विचारलं नाही. मी विचारत होते.