निरंजन काय खातो

दिवाळीच्या सुट्टीत निरंजन देवतळे खेळातल्या रानात गेला आणि तुळशीचं लग्न झाल्यावर परत आला, तेव्हा तो रानटी झालेला होता.

म्हणजे अंगावर केस वाढले होते, नखं वाढली होती, असं काही नव्हतं. शर्ट तोच होता, चष्माही शाबूत होता. पण दार उघडणाऱ्या वृंदाला, आपल्या बायकोला, बघून तो मागे सरला. मग तिला टाळून भिंतीला घासत आत आला आणि हॉलच्या कोपऱ्यात, कपडे वाळवायच्या स्टँडमागे जाऊन उभा राहिला. तिने हाक मारली तेव्हा त्याने मान वळवली, पण ती आवाज झाला म्हणून. नाव त्याला कळलं नव्हतं.

अमरावतीतल्या त्यांच्या इमारतीत कॉम्प्युटरवरचा हा खेळ बरेच जण खेळायचे. चौकोनी ठोकळ्यांचा भलामोठा मुलूख. डोंगर चौकोनी, झाडं चौकोनी, ढगसुद्धा चौकोनी. जिंकायचं-हरायचं काही नाही. हवं ते बांधायचं, हवं तिकडे जायचं. निरंजनला हिंडायची हौस होती. वृंदा घराजवळच कुंपण घालून जनावरं सांभाळायची. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, आणि दोघांचं जे काही बोलणं व्हायचं ते संध्याकाळी शेजारी बसून खेळतानाच. दिवाळीत एकदा तो म्हणाला, "मी जरा त्या डोंगरापलीकडे जाऊन येतो." ती म्हणाली, "बरं." थोड्या वेळाने तिने पाहिलं तर खुर्ची रिकामी होती, आणि पडद्यावर लांब झाडांमध्ये तो पाठमोरा चालत होता.

आता तो परत आला होता, पण जेवत नव्हता. वरण-भात ठेवला, त्याने बघितलं नाही. भाकरी ठेवली, वाळून कडक झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी उन्हात उभा असताना त्याच्या खांद्यातून खिडकीचे गज पुसटसे दिसू लागले. त्यानंतरच्या दुपारी ते स्पष्ट दिसले. तेव्हा मात्र वृंदा घाबरली.

खेळातली रानटी जनावरं काय खातात हे तिला तोंडपाठ होतं. ती स्वतःहून काहीच खात नाहीत. गवतात उभी असली तरी नुसती उभी असतात. पण त्यांचं खाणं कोणी हातात धरलं की त्यांच्या माना वळतात आणि तो माणूस जाईल तिकडे ती चालू लागतात. गायीचं खाणं गहू, सशाचं गाजर, रानमांजराचं कच्ची मासळी. एकाचं दुसऱ्याला चालत नाही. जोडीला एकदम भरवलं की दोघांच्या मधे एक पिल्लू उभं राहतं. निरंजनचंही असंच काही असणार, असं तिला वाटलं. ते शोधायचं आणि हातावर धरायचं, एवढंच काम होतं.

तिने डब्यातून मूठभर गहू घेतला आणि हात पुढे केला. निरंजन हलला नाही. पण दार उघडं होतं, आणि जिन्यातून वर चाललेल्या भोयरकाकू जागच्या जागी थांबल्या. त्यांची मान वळली.

"काकू?"

काकू चप्पल न काढता आत आल्या आणि वृंदाच्या अगदी जवळ उभ्या राहिल्या. वृंदाने हात डावीकडे नेला, काकूंचा चेहरा डावीकडे गेला. उजवीकडे नेला, उजवीकडे आला. शेवटी तिने मूठ उघडली. काकूंनी वाकून तिच्या तळव्यावरून गहू खाल्ला. त्यांचे ओठ गरम होते.

खाऊन झाल्यावर त्या पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "वाटीभर चण्याची डाळ आहे का गं? आमच्याकडची संपली."

गाजर धरलं तेव्हा खालच्या मजल्यावरचे ठाकरे नवरा-बायको वर आले. वृंदाने दोघांना एकेक गाजर दिलं. ते त्यांनी खाल्लं, एकमेकांकडे पाहिलं, आणि त्यांच्या मधे एक छोटा ठाकरे उभा होता. गुडघ्याएवढा, तसाच चौकड्यांचा शर्ट, तसाच चष्मा.

"हा कोण?" वृंदाने विचारलं.

"आमचा," ठाकरे म्हणाले.

"आमचाच," ठाकरेबाई म्हणाल्या. तिघंही गेले नाहीत. दाराबाहेर उभे राहिले.

कच्ची मासळी धरून ती जमिनीवर बसली. रानमांजर बुजरं असतं, त्याच्याकडे बघायचं नसतं, हलायचं नसतं. ती तशीच बसून राहिली. निरंजन स्टँडमागून बाहेर आला, हातभर अंतरावर येऊन त्याने वास घेतला आणि मागे फिरला. मासळी खाल्ली ती इमारतीच्या वॉचमनने. तोही मग बाहेर जाऊन ठाकऱ्यांच्या शेजारी उभा राहिला.

तिने दार लावून घेतलं. दाराखालच्या फटीत चपलांच्या सावल्या दिसत होत्या. बाहेर कोणी बोलत नव्हतं, कोणी बेल वाजवत नव्हतं. ती स्वयंपाकघरात गेली की सावल्या त्या बाजूला सरकत. ती हॉलमध्ये आली की परत येत.

परतवाड्याहून नंदाताई आल्या. निरंजनची ही थोरली बहीण फटकळ होती, पण भावावर जीव टाकणारी होती. जिन्यातल्या माणसांना कोपराने बाजूला सारत त्या आत शिरल्या आणि थेट स्टँडपुढे जाऊन उभ्या राहिल्या. आता त्याच्यातून स्टँडवरचे टॉवेलही दिसत होते.

"काय खातो हा?"

"काहीच नाही, ताई."

"अगं, पण त्याला आवडतं काय?"

वृंदाने आठवून पाहिलं. निरंजनने कधी ताट परत केलं नव्हतं. कधी अमुक कर म्हटलं नव्हतं. मीठ कमी पडलं तरी बोलला नव्हता.

"सगळंच खायचे," ती म्हणाली.

"म्हणजे तुला माहीत नाही."

वृंदा चहा करायला उठली. तिने डब्यातून गुळाचा खडा काढला आणि मागे नंदाताईंचं बोलणं तुटलं. वृंदाने वळून पाहिलं. नंदाताईंची मान वळली होती, डोळे खड्यावर होते, एक पाऊल पुढे पडलं होतं. वृंदाने घाईघाईने खडा डब्यात टाकला आणि झाकण दाबलं.

"काय म्हणत होते मी?" नंदाताईंनी विचारलं.

"यांच्या आवडीचं."

"हां. लहानपणी तो भिंत खायचा. न्हाणीघराच्या भिंतीला चुन्याचे पोपडे यायचे, ते खायचा. आई मारायची, मग लपून खायला लागला. पुढे सुटलं ते. सुटलं असं आम्हाला वाटलं."

"मला कधी बोलले नाहीत."

"तू विचारलंस कधी?"

चहा बिनगुळाचाच झाला. नंदाताई तो पिऊन निघाल्या. त्या जिना उतरल्याचा आवाज मात्र वृंदाला आला नाही.

तिने उलथनं घेतलं आणि बेडरूमच्या दारामागची भिंत खरवडली. रंगाखालून पांढरा चुना निघाला. तो तळव्यावर घेऊन ती फरशीवर बसली आणि खाली बघत राहिली. बराच वेळ काही झालं नाही. मग तिला निरंजनची पावलं दिसली. तो थांबला, पुढे आला, परत थांबला. मग तिच्या तळव्याला त्याची जीभ लागली.

वृंदाने डोळे मिटून घेतले. इतक्या वर्षांत तिने त्याला हातावरून काही भरवलं नव्हतं. तिला रडू आलं, पण ती हलली नाही.

डोळे उघडले तेव्हा त्याच्यातून काहीही दिसत नव्हतं.

"अजून आहे?" निरंजन म्हणाला.

"आहे ना," ती म्हणाली. "बस."

तो बसला.

त्यानंतरचे काही दिवस त्यांच्या संसारातले सगळ्यात चांगले दिवस होते. ती भिंत खरवडायची, तो खायचा. पुढे खरवडायचीही गरज उरली नाही. ती भिंतीवर नुसता हात ठेवायची आणि तो तिथला चौकोन दातांनी नीट काढून घ्यायचा. खाऊन झालं की तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडायचा.

"तिकडे कोणी खायला घातलं तुम्हाला?" तिने एकदा विचारलं.

"नाही."

"मग राहिलात कसे?"

"उभा होतो," निरंजन म्हणाला.

बेडरूमची भिंत संपली. स्वयंपाकघर आणि हॉल एक झाले. मग जिन्याकडची भिंत संपली, आणि बाहेर उभी असलेली माणसं आत उभी असल्यासारखी झाली. भोयरकाकू, ठाकरे, छोटा ठाकरे, वॉचमन, नंदाताई. वृंदा जाईल तिकडे त्यांच्या माना फिरत. ती त्यांच्यामधून वाट काढत ओट्यापाशी जायची, वाट काढत परत यायची. कोणी तिला हात लावला नाही. पण रोज वाट थोडी अरुंद होत होती.

"आता पुरे ना," ती निरंजनला म्हणाली. "आता बाहेरचीच भिंत राहिलीय."

त्याच्या हातांतून लगेच फरशी दिसू लागली. ती उठली आणि तिने बाहेरच्या भिंतीवर हात ठेवला.

भरदुपारी त्या भिंतीतला शेवटचा चौकोन निघाला. खाली रस्ता असायला हवा होता, समोर बँकेची पाटी असायला हवी होती. तिथे गवत होतं. फरशी संपते तिथूनच सुरू होऊन चौकोनी डोंगरापर्यंत गेलेलं सपाट हिरवं गवत. आणि गवतात, जरा लांब, कोणीतरी उभं होतं. चेहरा उन्हामुळे दिसत नव्हता. एक हात पुढे केलेला होता, मूठ मिटलेली.

भोयरकाकूंनी तिकडे पाहिलं नाही. ठाकऱ्यांनी पाहिलं नाही. निरंजन तोंडातला चुना चघळत होता. त्याला विचारावं, हा कोण आहे, ओळखता का, असं वृंदाच्या मनात आलं. तिने त्याच्याकडे बघायचं ठरवलं, पण मान वळेना.

मुठीत काय आहे ते तिला दिसत नव्हतं. तिच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

"वृंदा," मागून निरंजन म्हणाला. आवाज झाला एवढं तिला कळलं. तळपायांना गवत लागत होतं. त्या माणसाने तिच्याकडे नीट पाहिलं, मूठ थोडी खाली आणली आणि एक पाऊल मागे घेतलं.