एक मात्रा कमी

"वाच बरं पुन्हा," रंभाबाई म्हणाली.

"काय वं आई, दोनदा तं वाचली!" संघपाल वैतागला. पण पाटी त्यानं पुन्हा सरळ धरली. नागपूरच्या महाल भागातल्या कारागिराकडून सकाळीच तो ती स्कूटरवर दोन पायांमध्ये धरून घेऊन आला होता. पांढऱ्या संगमरवरावर सोनेरी अक्षरं. दुपारी बुद्धविहाराच्या सभागृहात ती भिंतीवर चढणार होती आणि तिच्यावरचं कापड रंभाबाईच्या हातून दूर होणार होतं.

त्यानं वाचलं, "लोकशाहीर आनंदराव गजघाटे यांनी आपल्या मातोश्री सीताबाई यांच्या आठवणीत रचलेले गीत." खाली गाण्याचं शेवटचं कडवं होतं:

आनंद म्हणे, त्या शिवणीचा टाका अजून नाही तुटला,
माय गेली तरी मायचा हात हातून नाही सुटला.

रंभाबाईनं हातातला कप असा आदळला की बशीचे दोन तुकडे झाले.

"सीताबाई? तुही आजी सीताबाई? अरे, ते बुढी त्या दिवशी नागपूरले आलीच नव्हती! चुलतदिराच्या तेरवीत पुऱ्या लाटून राहिली होती ते!"

"आई, हळू बोल. शेजारी ऐकतीन."

"ऐकू दे! त्या गाण्यातली माय माही आहे. पुनाबाई. माही माय!"

आता खरं ते सांगून टाकायला हवं, कारण रंभाबाईनं ते जन्मभर पोटात ठेवलं होतं आणि त्यानं तिचं काही भलं झालेलं नव्हतं. छप्पन साली दीक्षेच्या दिवशी सगळ्यांनी पांढरे कपडे घालून यायचं असं ठरलं, तेव्हा कुहीकडच्या एका खेड्यात पुनाबाई नावाची विधवा बाई डोक्याला हात लावून बसली होती. तिच्याकडे अंगावरचं एक लुगडं, तेही लाल. पांढरं आणायचं कुठून? शेवटी तिनं पेटीतून मेलेल्या नवऱ्याची दोन धोतरं काढली, चुलीच्या उजेडात ती मधोमध जोडून त्यांचं लुगडं केलं आणि ते नेसून पायी नागपूरला निघाली. कडेवर चार वर्षांची रंभा होती. रंभेला गर्दी आठवत नाही, भाषण आठवत नाही. गालाला घासणारी ती जाड शिवण तेवढी आठवते.

पुढे रंभेचं लग्न आनंदरावांशी झालं. ते मिलमध्ये कामाला. संध्याकाळी पेटी, ढोलक आणि चार मित्र घेऊन त्यांची गायन पार्टी बसायची. बाहेरच्या खोलीत तालीम, आतल्या खोलीत रंभाबाईच्या बिड्या. पान कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा, आणि हात चालू लागले की तोंडही चालायचं. अशीच एकदा बिड्या वळता वळता ती गुणगुणली:

बापाची दोन धोतरं मायनं सुईदोऱ्यानं जोडली,
पांढरं नेसून निघाली माय, जुनी वाट तिनं सोडली.

आनंदराव दारात उभे राहून ऐकत होते. "पुन्हा म्हण वं," म्हणाले. तिनं म्हटलं. पुढची कडवी सुचतील तशी ती त्यांना सांगत गेली. कधी भाकर वाढताना, कधी पाणी भरताना. चाल थोडी त्यांनी सुधारली, ते काम त्यांचंच. पण शब्द? शब्द सगळे तिचे.

या गाणाऱ्या मंडळींत एक रीत आहे. गाणं ज्यानं रचलं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं, आणि त्यावरूनच लोक ओळखतात, गाणं कुणाचं ते. पहिल्या कार्यक्रमात आनंदरावांनी शेवटचं कडवं घेतलं आणि 'आनंद म्हणे' असं खणखणीत म्हटलं. घरी आल्यावर रंभाबाईनं विचारलं, "माहं नाव काहून नाही घातलं?"

"अवं, तुहं नाव चालीत बसत नाही, रंभे," ते म्हणाले. "आनंद बसते. रंभात एक मात्रा कमी पडते. गाणं लंगडते."

पेटी वाजवणारा माणूस बोलला म्हणजे खरंच असणार, असं तिला वाटलं. गाणं लंगडं होऊ नये म्हणून ती गप्प बसली. गाणं मात्र नागपूरभर झालं, गावोगाव गेलं, बुटीबोरीच्या कामगारांच्या खोल्यांमध्ये वाजू लागलं. आनंदरावांच्या गळ्यात हार पडले, खांद्यावर शाली पडल्या. आणि लोक साहजिकच धरून चालले, की गाणं आनंदरावांचं म्हणजे गाण्यातली मायसुद्धा त्यांचीच. एकदा स्टेजवर कुणीतरी माइकवरून तसं बोललं तेव्हा आनंदरावांनी नुसतं हात जोडून हसून घेतलं. ते हसणं रंभाबाईनं पाहिलं होतं. बायांमध्ये बसलेली होती ती, मागच्या रांगेत.

आता आनंदराव जाऊनही वर्षं झाली, आणि तेच खोटं दगडावर कोरून तिच्याच घरात आलं होतं.

"बाबाचं नाव आहे गाण्यात, आई," संघपाल समजावणीच्या सुरात म्हणाला. बुटीबोरीच्या कारखान्यात तो सुपरवायझर होता, माणसांची समजूत काढायची त्याला सवय होती. "सारी दुनिया हे जाणते. आता काहून काढून राहिली तू?"

"तवा काढू देल्लं कोणं मले?"

"बरं, तू जराशी मदत केली असशीन. कोण नाही म्हणते? पण एखाद्या वेळी या वयात सगळं मिसळते…"

"मिसळते?" रंभाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माही माय कोण होती, हे मिसळते मले? माह्या तोंडावर म्हणून राहिला तू हे?"

संघपालनं घड्याळाकडे पाहिलं. बाहेर मुलं सतरंज्या नेण्यासाठी हाका मारत होती. "आई, पाया पडतो तुह्या. पत्रिका वाटून झाल्या. आज तमाशा नको. पाटी झाकाले एखादं पांढरं कापड दे फक्त."

रंभाबाई उठली, पलंगाखालची लोखंडी पेटी ओढली आणि तळातून एक जुनं, पिवळट पडलेलं कापड काढून त्याच्या अंगावर फेकलं.

"घे. यानं झाक."

त्यानं ते न बघताच काखेत मारलं आणि तो पाटी घेऊन गेला. मधोमध शिवण असलेलं ते लुगडं होतं. इतक्या वर्षांत घरात कुणी विचारलं नव्हतं, की पेटीत तळाशी काय आहे.

दुपारी विहार गच्च भरलं होतं. 'आपलं गाणं, आपली आठवण' असं कार्यक्रमाचं नाव संघपालच्या मुलीनं, दीक्षानं ठेवलं होतं. ज्यानं त्यानं आपलं आवडतं गाणं मोबाइलवरून स्पीकरवर लावायचं आणि त्याची आठवण सांगायची. बाया पांढऱ्या साड्या नेसून आल्या होत्या. रंभाबाईही नेसली होती. रागानं तिच्या निऱ्या नीट बसल्या नव्हत्या.

दारात चपला काढताना चंपतराव भेटले. पार्टीत जन्मभर ढोलक वाजवलेला माणूस. आजही ढोलक सोबत होतीच.

"भाऊजी," रंभाबाईनं त्यांना खांबाआड घेतलं. "तुम्ही त्या घरात रोज बसत होते. ते गाणं कोणं केलं, सांगा सगळ्यायले."

चंपतरावांनी मान खाली घातली. "वहिनी, आता काय फायदा? मेलेल्या माणसाची इज्जत…"

"अन् जित्या बाईची?"

चंपतराव ढोलकीच्या दोऱ्या उगाच ओढत राहिले. रंभाबाईला वाटलं, ती ढोलक घ्यावी आणि यांच्याच डोक्यात घालावी. ती तरातरा आत जाऊन बसली.

कार्यक्रम मात्र चांगला चालला होता, हे तिला रागातही नाकारता येईना. दवाखान्यातून रिटायर झालेल्या यमुताईंनी एक जुनं पाळण्याचं गाणं लावलं. वॉर्डात रडणाऱ्या परक्या पोरांना आपण तेच म्हणून झोपवायचो, असं म्हणाल्या आणि स्वतःच रडल्या. एका कंडक्टरनं लग्नातल्या बँडची धून लावली, त्यावर म्हातारे लोक बसल्या जागी डुलले. ज्याचं गाणं त्याची आठवण. सगळ्यांना आपापलं मिळत होतं. आणि मले? रंभाबाई मनात म्हणाली. माह्या गाण्याची आठवण दुसरेच सांगतीन, अन् मी टाळ्या वाजवू?

शेवटी संघपाल उठला. "हे माह्या बाबाचं गाणं," तो माइकवर बोलला. आईकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. "माही आजी, सीताबाई, दोन धोतरं जोडून…"

दीक्षानं मोबाइलवर बोट ठेवलं. जुन्या कॅसेटची खरखर आली, ढोलक आली, आणि मग आनंदरावांचा आवाज सभागृहभर पसरला.

काय आवाज होता त्या माणसाचा! रंभाबाई नकळत ताठ झाली. या आवाजावर तर ती भाळली होती. गाणं वर चढताना ते मान तिरपी करायचे, आणि तिनं आतून चहा पाठवला की गाता गाताच भुवई उडवायचे. लोक सोबत म्हणत होते, टाळ्या धरत होते. 'चुलीच्या उजेडात माय शिवते' हे कडवं आलं. त्या आवाजात तिचीच माय शिवत बसली होती, दुसऱ्या बाईचं नाव घेऊन. इतकं सुंदर गाऊन या माणसानं तिला लुटलं होतं. शेवटचं कडवं जवळ आलं तशी पोरं मोबाइल वर धरून शूटिंग करायला लागली.

"बंद कर ते!"

दीक्षानं घाबरून गाणं थांबवलं. रंभाबाई उभी होती.

"आजी, काय झालं?"

"आई, खाली बस," संघपाल दबक्या आवाजात म्हणाला.

"नाही बसत." ती पुढे गेली. स्टेजवर चढून दीक्षाशेजारचा माइक तिनं उचलला. "आठवण सांगाची आहे ना? मंग ऐका. ज्या मायनं धोतरं शिवली ते सीताबाई नाही. ते पुनाबाई, माही माय. कडेवरची पोर मी. हे गाणं मी बिड्या वळता वळता केलं. यायनं गायलं, लय चांगलं गायलं. पण केलं मी. यायनं मले सांगतलं, तुहं नाव चालीत बसत नाही. मी मानलं. आता माह्या मायचंही नाव बसत नाही म्हणता का?"

मागून एक म्हातारा पुटपुटला, "आता या वयात काय हे बाप्पा!" कुणीतरी त्याला गप्प केलं.

रंभाबाईनं डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली. आवाज म्हातारा, कापरा, पण सूर पक्का. पहिली ओळ ती एकटीनंच म्हणाली. दुसऱ्या ओळीला खाली बसलेल्या चंपतरावांच्या ढोलकीवर थाप पडली. तिनं डोळे उघडून पाहिलं नाही. कडव्यामागून कडवं गेलं, आणि ती जागा आली. जिथं जन्मभर 'आनंद' होतं ती जागा.

रंभाऽ म्हणे, त्या शिवणीचा टाका अजून नाही तुटला…

'रंभा'वर तिनं सूर थोडा लांबवला. कमी पडणाऱ्या मात्रेवर चंपतरावांची थाप नेमकी येऊन बसली आणि गाणं पुढे सरकलं. लंगडलं नाही, अडखळलंही नाही.

रीतीप्रमाणे ही नावाची ओळ सोबत्यांनी उचलायची असते. कुणी उचलेना. रंभाबाई तशीच उभी राहिली. मग तिच्या बाजूला, अगदी कानाजवळ, दीक्षानं ओळ धरली, "रंभा म्हणे…" यमुताईंनी धरली. मग पांढऱ्या साड्यांच्या रांगांनी धरली, आणि त्या इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की बाहेर मांडवात पाण्याचे ग्लास भरणारे लोक दारात येऊन उभे राहिले.

माइक ठेवून रंभाबाई खाली उतरली ती थेट चंपतरावांसमोर.

"बसलं का नाव?"

चंपतरावांनी ढोलक मांडीवरून खाली ठेवली. "तवाही बसे, वहिनी," ते म्हणाले. "मी त्याले म्हटलं होतं. तो म्हणाला, राहू दे."

इतकी वर्षं रंभाबाईला वाटत होतं, की आपल्या नावातच काही खोट आहे.

तिकडे दीक्षा बापाला हाक मारत होती. पाटीवरचं कापड काढायची वेळ झाली होती. संघपाल भिंतीपाशी उभा होता. आई आता ते ओढणार नाही हे ओळखून त्यानंच कापडाचं टोक हातात धरलं होतं, आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्याचं त्या कापडाकडे लक्ष गेलं होतं. मधोमध वरून खालपर्यंत हातशिवण होती, जाड दोऱ्याची, टाके वेडेवाकडे. त्यानं त्या शिवणीवरून बोट फिरवलं, वरून खालपर्यंत, हळूहळू. मग त्यानं वळून गर्दीत आईला शोधलं. कापड मात्र त्यानं ओढलं नाही.