नत्थुजींचा आवाज

"अजी, रस्सी छोडूँ क्या? हात छिल गए मेरे," कुलसुमबी अंगणातून ओरडली.

"छोडना मत. छोडी तो अँटेना गया, और उसके पीछे मैं."

अब्दुल गफ्फार मिस्त्री तेल्हाऱ्यातल्या आपल्या घराच्या गच्चीवर लांब वासा उभा करत होते. साठी उलटलेल्या माणसाने, त्यातही एक गुडघा धड वाकत नसताना, असले उद्योग करू नयेत, हे कुलसुमबी सकाळपासून सांगत होती. पण मिस्त्रींना सांगून उपयोग नसतो, हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. बडबडत का होईना, ती दोरी घट्ट धरून उभी राहिली.

वाशाच्या टोकावर ॲल्युमिनियमची एक उभी दांडी होती आणि तिच्या बुडाशी चार दांड्या, उघडलेल्या छत्रीच्या काड्यांसारख्या खाली झुकलेल्या. गावात केबल आल्यापासून टीव्हीच्या जुन्या अँटेना गच्च्यांवर वाकून पडल्या होत्या. मिस्त्रींनी त्या मागून आणल्या, नळ्या ठोकून सरळ केल्या, एकीत एक बसवून लांबी जमवली आणि मीटर मनासारखं दाखवेपर्यंत करवतीने जरा जरा कापत बसले. धंद्याने ते पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणारे. पण त्या वर्षी विहिरींनाच पाणी नव्हतं, मोटारी जळणार कशाने? वेळच वेळ होता.

आणि हा सगळा खटाटोप एका माणसाचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून.

नत्थुजी कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते, मिस्त्री तिथल्या मोटारी बघायचे. एका डब्यात जेवून दोघांची जवानी सरली. कापसाचे दिवस गेले, जिनिंग बंद पडलं, यंत्रं भंगारात निघाली. खरेदी केंद्राशी बोलायला मालकाने कधीकाळी आणलेले दोन सीबी रेडिओही त्या ढिगात होते. मिस्त्रींनी ते उचलले, दुरुस्त केले, एक स्वतःकडे ठेवला आणि दुसरा नत्थुजींना दिला. नत्थुजी तोवर सातपुड्याच्या पायथ्याशी आपल्या खेड्यात परतले होते. मोबाइलची रेंज तिथे अजून पोचायची होती.

संध्याकाळची, मगरिबची नमाज झाली की मिस्त्री बॅटरीवर सेट लावायचे. बटन दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. दोघांनी एकदम बोलायची सोय नाही. म्हणून आपलं बोलणं संपलं की 'सोडलं' म्हणायचं, अशी त्यांची रीत पडली होती. पूर्वी नत्थुजी दर बाजाराला तेल्हाऱ्यात यायचे. सेट आला आणि जाणंयेणं थांबलं. रोज बोलणं होतंच, मग एसटीचे धक्के कोण खाणार?

पोळ्यानंतर नत्थुजींचा आवाज बिघडू लागला. आधी नुसता खरखरीत, मग दबका, मग मधूनच तुटणारा. मिस्त्रींकडे तेव्हा खिडकीतून बाहेर सोडलेली साधी तार होती. त्यांनी तिचे जोड घासले, केबल बदलली, तरी फरक पडेना.

"नत्थुजी, तुमचा आवाज फाटून राहिला. तुमची तार हलली काय? सोडलं."

"तार जागेवरच हाय मिस्त्री. वांदर बी नाई बसलं तिच्यावर. सोडलं."

"मंग खोट माह्याकडंच असन. उंच अँटेना लावतो. थांबा जरासे. सोडलं."

ती अँटेना आज उभी राहिली. संध्याकाळी मिस्त्रींनी सेट लावला तेव्हा कुलसुमबीही हाताला खोबरेल चोळत शेजारी येऊन बसली. सुरुवातीलाच कुठल्या तरी मुलखातली दोन अनोळखी माणसं भलत्याच भाषेत बोलताना ऐकू आली, समोर बसल्यासारखी स्पष्ट. मिस्त्रींची छाती फुगली. मग त्यांनी आपलं चॅनल लावलं.

"बोला नत्थुजी. सोडलं."

सेटवरचा सिग्नलचा काटा कधी नव्हे तो पार शेवटाला जाऊन टेकला.

"मस्त येऊन राहिलं मिस्त्री. जसे काई वसरीतच बसले तुमी. आज पेपरवाले आले होते गाडी घेऊन. इचारत होते, गावात कोनं आत्महत्या केली काय. म्या म्हटलं, औंदा तं नाई. तसे चहा बी न घेता चालले गेले. सोडलं."

नत्थुजी हसले, आणि ते हसणंही फाटकंच निघालं.

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी आवाज कमी केला, वाढवला. शब्द न् शब्द स्वच्छ होता. दोन शब्दांमधला ओढून घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता. सेट चोख होता, अँटेना चोख होती.

"नत्थुजी," ते म्हणाले, "घसा कवापासून असा हाय? सोडलं."



"पोळ्यापासून. गोदा हळद-दूध देते. तुमी म्हने, तार खराब हाय. म्या बी म्हटलं, तारचंच असन. तेवढंच मनाले बरं वाटे. सोडलं."

मिस्त्री दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने गेले. कितीतरी महिन्यांनी नत्थुजींना समोर पाहिलं, तर सदऱ्यात माणूस अर्धाच उरलेला. तिथून अकोला, अकोल्याहून अमरावतीचा मोठा दवाखाना. डॉक्टर वाईट बोलले नाहीत. घशात कॅन्सर आहे, दिवाळीच्या आत आणलं असतं तर किरणांचा शेक देऊन भागलं असतं, आता स्वरयंत्र काढावं लागेल, एवढंच म्हणाले.

"मले रोज ऐकू ऐकू समजलंच नाई हो भाऊ," नत्थुजींच्या पत्नी गोदाबाई दवाखान्याच्या वऱ्हांड्यात रडत होत्या. मिस्त्रींना त्यांची समजूत काढता येईना. त्यांना तर समजलं होतं, सगळ्यांच्या आधी समजलं होतं. चालत्या मोटारीचा आवाज ऐकून तिचं दुखणं सांगणारा माणूस, आणि त्याने मित्राच्या गळ्यातलं दुखणं तारेवर ढकललं होतं. हे त्यांनी कोणाजवळ बोलून दाखवलं नाही, पण त्या दिवसापासून त्यांना घास गोड लागला नाही.

ऑपरेशनला नेताना नत्थुजी काय बोलतात म्हणून सगळे वाकून उभे राहिले. त्यांनी गोदाबाईंना विचारलं, "निघतानी गोठ्याचं दार लावलं होतं ना?"

त्या आवाजातलं ते शेवटचं वाक्य.

नत्थुजी गावी परतले. मिस्त्री मात्र सेटला हात लावेनात. मगरिब झाली की उगाच आपल्या दुरुस्तीच्या दुकानात जाऊन बसायचे.

"लगाओ ना जी," एका संध्याकाळी कुलसुमबी म्हणाली. "वो बैठते होंगे."

"बैठके करेंगे क्या? बोल तो सकते नहीं."

"आप तो बोल सकते."

मिस्त्रींनी सेट लावला. घसा साफ केला. अमरावतीपासून मनात जुळवून ठेवलेलं सगळं एका दमात सांगून टाकायचं होतं. पण बटन दाबल्यावर एवढंच निघालं, "नत्थुजी, म्या हाय. सोडलं."

खरखर. नुसती खरखर. आणि मग एकाएकी खरखर थांबली. पलीकडे कोणीतरी बटन दाबलं होतं.

बोलणं नव्हतं. त्या शांततेत गाईच्या गळ्यातली घंटा वाजली. परातीत भाकरी थापल्याचा आवाज येत होता. "तिखट कमीच टाकलं हो," गोदाबाई लांबून कोणाला तरी म्हणाल्या.

नत्थुजी बटन सोडत नव्हते. आणि तिकडून ते सुटेपर्यंत इकडून एक शब्द बोलता येत नव्हता. मिस्त्रींनी माईक मांडीवर ठेवला, आवाज जरा वाढवला आणि पलीकडच्या भाकरी होईपर्यंत ऐकत बसले.