शेवटच्या ओळीतली चूक

कनिशायनं सात आठे चौपन्न लिहिलं होतं. तेही पेपरच्या अगदी शेवटच्या ओळीत.

गणित शिकवणाऱ्या बुरुलचा एजेनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चौपन्नच. वरची पानभर मांडणी अशी सुरेख, की वाचता वाचता तिची मान आपोआप डोलायला लागली होती. कोमुझ वाजवणाऱ्यानं अख्खं गाणं जीव ओतून वाजवावं आणि शेवटची तार मुद्दाम बेसूर छेडून उठून जावं, तसं झालं होतं हे.

शिक्षकांच्या खोलीत कोळशाची शेगडी धुमसत होती. उपमुख्याध्यापक ओर्मोन अगाय तिच्यावर हात शेकत म्हणाले, "मी म्हणत नव्हतो? डिसेंबरात ती गणितात तालुक्यात पहिली आली तेव्हाच मला वास आला होता. मेंढपाळाच्या घरची पोर, शिकवणी नाही की काही नाही, आणि एकदम पहिली? कुठून तरी उतरवलं असणार. आता एकेक उघडं पडतंय."

"उतरवलं कुणाचं, अगाय? सगळ्यांच्या वर तीच होती."

"हल्ली भिंतीलाही फोन असतात, बुरुलचा."

भूगोलाच्या बाई फिसकन हसल्या. बुरुलचाला हसू आलं नाही.

"शनिवारी नारीन शहरातल्या पुढच्या फेरीसाठी नाव कळवायचंय," अगाय म्हणाले. "कनिशायचं काढतो, दोओलोतचं घालतो. पोरगा मेहनती आहे, घरचे चांगले आहेत."

"शनिवारपर्यंत थांबा."

"थांबतो. पण शाळेचं हसं झालं तर तुमच्या नावानं होऊ दे."

नारीनच्या फेरीत जो चमकेल, त्याला बिश्केकच्या वसतिगृहाच्या गणितशाळेत जागा मिळणार होती. बुरुलचाच्या हाताखालून कितीतरी हुशार मुलं गेली होती. पण शिकवता शिकवता आपणच शिकायला लागावं अशी ही एकच. अशी पोर शिक्षकाच्या ओंजळीत देव एकदाच टाकतो. ती सांडली तर दोष कुणाला द्यायचा?

मुलं घरी गेल्यावर तिनं महिनाभराचे पेपर बाकांवर मांडले आणि ओळीनं पाहत गेली. कुठे उणे चिन्ह गळलेलं, कुठे बेरीज एकानं कमी. प्रत्येक चूक शेवटच्या ओळीत. आणि प्रत्येक वेळी कनिशायचे गुण दोओलोतच्या जरासेच खाली.

ज्याला येत नाही तो कुठेही चुकतो. सुरुवातीला चुकतो, मध्ये चुकतो, प्रश्न उतरवतानासुद्धा चुकतो. इतक्या शिस्तीनं चुकायला गणित उत्तम यावं लागतं.

म्हणजे पोरगी मुद्दाम चुकत होती. पण कशासाठी?

माणसाच्या मनात संशय एकदा का शिरला, की तो चूल मांडून बसतो. दुसऱ्या दिवशी दोओलोतनं कनिशायला खोडरबर दिलं, तर बुरुलचाला त्यातही काही शिजलेलं दिसलं. दोओलोतच्या बापाचं बाजारात दुकान. त्यानं पोरीला काही कबूल केलं असेल का? की ओर्मोन अगायनीच दम भरलाय? बुरुलचानं त्या दिवशी अगायनी पुढे केलेली गोड गोळीसुद्धा घेतली नाही.

मग कनिशाय फळ्याकडे यायला उठली आणि डोक्यावरची शाल घसरली.

पोरीच्या कानात डूल होते. चांदीचे, जड, खाली पोवळं. गेल्या महिन्यात तर कान ओकेबोके होते.

डूल कोण घालतं हे काय सांगायला हवं? मुलाची आई येते, चहा होतो, मुलीच्या कानात डूल चढतात, आणि सोयरिकीचं बोलणं संपतं. दहावीतली पोर!

तास संपल्यावर तिनं कनिशायला दारात गाठलं. "छान आहेत गं डूल. कुणी घातले?"

"घरच्यांनी."

"कुठल्या घरच्यांनी?"

कनिशायनं वर पाहिलं. हद्दीवरच्या शिपायाकडे बघावं तसं. "तुम्हाला माहीतच असेल, एजे. तुम्हाला तर सगळं आधी कळतं." आणि शाल ओढून ती चालती झाली.

आता मात्र बुरुलचानं ठरवलं. विचारून पोरगी बोलणार नाही. तिला गणितानंच बोलतं करायचं.

गुरुवारी तिनं फळ्यावर लिहिलं: एका कळपातल्या मेंढ्या सहा-सहांनी मोजल्या तर एक उरते. चार-चारांनी मोजल्या तर दोन उरतात. कळपात कमीत कमी मेंढ्या किती?

वर्ग खाली मान घालून कामाला लागला. कनिशायनं फळ्याकडे एकदाच पाहिलं आणि खिडकीबाहेरच्या बर्फाकडे तोंड फिरवलं. तिच्या ओठांचा कोपरा मात्र हलला. बुरुलचानं ते टिपलं.

"दहा!" दोओलोत ओरडला. "चार-चारांनी दोन उरतात, एजे!"

"शाबास. बरोबर," बुरुलचा म्हणाली आणि फळ्यावर भला मोठा दहाचा आकडा काढला. "लिहून घ्या सगळ्यांनी."

कनिशायची मान झटकन वळली.

"सुंदर उत्तर," बुरुलचा म्हणाली. "शनिवारच्या परीक्षेला हेच येईल. असंच लिहायचं."

"एजे…"

"कनिशाय, तू लिहिलंस का? दहा."

"असा कळप नसतोच!" ती उभीच राहिली. "सहा-सहांनी एक उरते म्हणजे आकडा विषम. चार-चारांनी दोन उरतात म्हणजे सम. एकच कळप सम पण आणि विषम पण कसा असेल? हा प्रश्नच खोटा आहे!"

दोओलोत बोटांवर मोजत पुटपुटला, "अरेच्चा, खरंच की."

"आणि सात आठे चौपन्न?" बुरुलचानं हळूच विचारलं. "ते खरं आहे का गं?"

पोरीचा चेहरा उतरला. घंटा झाली. मुलं पांगली, ती बाकाला धरून उभी.

"कुणासाठी चुकतेस, कनिशाय? कुणी धमकावलंय?"

"मला पकडायला फळ्यावर खोटं लिहिलंत ना?" तिचे डोळे भरले होते, पण आवाज कडक. "तुम्ही त्यांना सामील आहात. मला सगळं ठाऊक आहे. तुम्हीच फोन केला होता."

"कुणाला?"

पण तोवर ती दाराबाहेर होती.

बुरुलचाला वाटलं, सोयरीक ठरलीच. पोर घाबरून काहीबाही बोलतेय. तिनं वाटेत बाजारातून गरम नान घेतले, कारण रिकाम्या हातानं कुणाच्या उंबऱ्यात जायचं नसतं, भांडायला जायचं असलं तरी. आणि कनिशायच्या घराकडे वळली.

सायराकान आपा कनिशायची आजी. मेंढपाळ आजोबा गेल्यापासून घरात दोघीच. म्हातारीनं नान घेतले, कपाळाला लावले, पाहुणीला वरच्या अंगाला, मानाच्या जागी बसवलं. सगळं रीतसर. मग तिनं चहा ओतला, आणि पेला पार काठोकाठ भरला.

बुरुलचानं त्या पेल्याकडे पाहिलं. पाहुणा हवा असला की घोट-घोट ओततात, म्हणजे पुन्हापुन्हा ओतायचं निमित्त मिळतं. भरलेला पेला म्हणजे पी आणि ऊठ.

"आपा," तीही सरळच बोलली, "पोर दहावीत आहे. ज्यांनी डूल घातले त्यांना परत पाठवा. नाहीतर मला पुढं तक्रार करावी लागेल."

"परत कुणाला पाठवू? माझ्या आईकडे?" म्हातारी म्हणाली. "मातीत जाऊन तिला कित्येक वर्षं झाली."

"म्हणजे?"

"तिचे डूल आहेत ते. माझे झाले, आता कनिशायचे. मीच घातले. आरशात बघेल तेव्हा तिला आठवावं, ती कुणाची लेक आहे ते."

"कुणाची म्हणजे काय, आपा? तुमचीच."

"असं?" म्हातारीनं पदर झटकल्यासारखी शाल झटकली. "मग फोन बिश्केकला का गेला गं? शिकलेली ना तू? तूच शोधून काढलीस तिची आई."

बुरुलचाचा हात पेल्यावरच थांबला.

डिसेंबरात निकाल लागला, तेव्हा आनंदाच्या भरात तिनं शाळेच्या नोंदीतला 'आई' या शब्दापुढचा नंबर फिरवला होता. ऐझादा, बिश्केक. "तुमची मुलगी पहिली आली, तिकडच्या शाळेत जागा मिळू शकते, पाठवाल का?" पलीकडची बाई रडायलाच लागली होती. हो म्हणाली होती, हजार वेळा हो.

कनिशाय घरातलं पहिलं मूल. पहिलं मूल आजी-आजोबांच्या मांडीवर देतात, आणि दिलं की दिलं. ते त्यांनाच आई-बाप म्हणतं. जन्म देणारी मग वहिनीसारखी, येते-जाते, खाऊ आणते, पण मागत नाही. बुरुलचा स्वतः अशीच आजीच्या मांडीवर वाढलेली. तिला हे कुणी सांगायला नको होतं. आणि तरी ती नोंद बघून चुकीच्या दारात गेली होती.

"तुझा फोन गेला आणि दुसऱ्या दिवशी सुनेचा मला आला," म्हातारी सांगत होती. "'पोरगी आता आमच्याकडेच राहील, खोली तयार आहे.' मी म्हटलं, बाई, दिलेलं लेकरू शाळेच्या वाटेनं परत न्यायची ही कुठली नवी तऱ्हा? मग पोर म्हणाली, 'काळजी करू नको, आपा. मी नाही जात. माझं डोकं हल्ली चालेनासं झालंय, मला कोण नेणार?'"

"तिचं डोकं चालतं, आपा," बुरुलचा म्हणाली. "नको तितकं चालतं. ती मुद्दाम चुकतेय. रोज, मोजूनमापून, शेवटच्या ओळीत."

म्हातारीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"आणि मी नमाजात शुक्र मानला गं. पोर मठ्ठ झाली म्हणून देवाचे आभार मानले मी! ऐकलंही असेल त्यानं. काय म्हणाला असेल?"

"चूक माझी आहे, आपा. पहिल्यांदा इथं यायला हवं होतं मी. माफ करा."

बाहेर बादल्या वाजल्या. कनिशाय पाणी घेऊन आत आली आणि एजेला पाहून दारातच खिळली.

"ये, हुशार बाई," म्हातारी म्हणाली. "सात आठे किती?"

कनिशायनं एकीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं. आपल्याविरुद्ध काय कट झालाय ते तिला कळेना. "…छप्पन्न."

"मग माझ्या नावावर चौपन्न का खपवतेस? मी मागितले होते का तुझ्याकडं दोन?"

"आपा, मी गेले तर तुझं कसं—"

"माझं कसं ते मी आणि देव बघून घेऊ. तुला खोटं बोलायला मी शिकवलं? लोक म्हणतील सायराकाननं मांडीवर घेतली आणि मांडीखाली दाबली." मग ती बुरुलचाकडे वळली. "आणि तू. जे विचारायचं असतं ते नीट विचार."

बुरुलचा गुडघ्यांवर सावरून बसली. "आपा, तुमची लेक मला नारीनला न्यायची आहे. पुढं कदाचित बिश्केकला. तुम्ही हो म्हणालात तरच."

"वसतिगृहात राहील. सुट्टीला याच घरी येईल. आणि ऐझादाला फोन मी करीन, तू नाही."

"नाही करत, आपा."

"फोनपासून लांबच राहा तू."

म्हातारीनं तळवे वर करून समोर धरले. बुरुलचानंही आपले धरले. कनिशायनं बादल्या खाली ठेवून ओल्याच हातांची ओंजळ केली. म्हातारी सावकाश, अर्धं गात, अर्धं बोलत म्हणाली, "वाट मोकळी असो. अक्कल शाबूत असो. जे येतं ते लपवावं न लागो, जे येत नाही त्याची लाज न वाटो. ओमीन." तिघींनी तळवे तोंडावरून फिरवले.

मग तिनं बुरुलचाचा गार झालेला चहा ओतून टाकला आणि नवा दिला. पेल्याच्या तळाशी, जेमतेम दोन घोट.

शनिवारी कनिशायच्या पेपरात एकही चूक नव्हती. ओर्मोन अगायनी तो पेपर उजेडाकडे धरून पाहिला. "एकदम सुधारली? हे तर आणखीच संशयाचं आहे," ते म्हणाले. पण नाव तिचंच गेलं.

नारीनला परीक्षा सुरू झाली, तशी बुरुलचा बाहेरच्या बाकावर बसून राहिली. संशय मेला होता, पण त्याची सवय मेली नव्हती. ऐनवेळी पोरीला आपाचं घर आठवलं तर? शेवटच्या ओळीशी तिचा हात पुन्हा वाकडा झाला तर?

कनिशाय सगळ्यांच्या शेवटी बाहेर आली. एका हातानं कानातला डूल फिरवत, दुसऱ्या हातात आपानं दिलेले कुरुत, सुकवलेल्या दह्याचे खारट गोळे. चेहऱ्यावरून काही कळेना.

"काय झालं?"

"एक चुकलं, एजे."

बुरुलचा बाकावरून उठली. "मुद्दाम?"

"नाही." आणि पोरीचं तोंड असं काही उजळलं, की बुरुलचाला आधी अर्थच लागेना. "खरंच आलं नाही! कितीतरी वाटांनी गेले, सगळ्या बंद. मला न येणारं असतं काहीतरी, एजे!"

परतीच्या गाडीत तिनं धुकट काचेवर बोटानं वर्तुळ काढलं, त्यात त्रिकोण, त्रिकोणावर आणखी एक वर्तुळ. "हे बघा. इथपर्यंत जातं. पुढं काय?"

बुरुलचानं चष्मा सरसावला. पाहिलं, पुन्हा पाहिलं. गाडी डोंगराला वळसे घालत राहिली, कुरुत चघळून संपले, काचेवरची वर्तुळं ओघळून गेली आणि पोरीनं नवी काढली.

"मला येत नाहीये, कनिशाय," शेवटी ती म्हणाली.

कनिशायनं डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं.

"खरंच येत नाहीये, की मुद्दाम?"