अठ्ठेचाळीस शर्ट आणि सुईचं टोक

यंत्र आलं त्या दिवशी शिवराज सरांनी पेढे वाटले, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. आमच्या कारखान्यात ज्या गोष्टीचे पेढे वाटले जातात, ती पुढे माझ्याच डोक्याला ताप होते.

कारखाना म्हणजे अक्कलकोट रोडवरच्या पत्र्याच्या शेडमधली चाळीस शिलाई मशीन. शाळेचे गणवेश शिवतो आम्ही. मी मनकर्णा, चेकर. बारा वर्षं झाली, शिवलेला शर्ट माझ्या हातून गेल्याशिवाय पेटीत पडत नाही. आता माल बाहेरच्या देशात जातो आणि तिकडच्या लोकांचा एक कडक नियम आहे. मशीनवर सुई तुटली तर तिचे सगळे तुकडे शोधायचे, जुळवून वहीत चिकटपट्टीनं चिकटवायचे आणि खाली चेकरनं सही करायची. एक तुकडा जरी सापडला नाही तरी तो अख्खा गठ्ठा कात्रीनं कापून टाकायचा. नियमाला मी नावं ठेवत नाही. बालवाडीच्या लेकराच्या मानेला सुई टोचली तर काय, हे मलाही कळतं.

तर हे तुकडे शोधायला यंत्र आणलं. गाजराएवढं, नारंगी रंगाचं, हातात धरायचं. टोकाजवळ धातू आला की पिंपिं करतं आणि हातात थरथरतं. लोक म्हणे यानं मातीत हरवलेली नाणी शोधतात. शोधोत बापडे.

पहिल्या दिवसापासून ते खोटं बोलायला लागलं. सुई नाही, टाचणी नाही, कोरा शर्ट समोर, आणि हे आपलं पिंपिं. आधी कळलं की टेबलाचे पाय लोखंडी आहेत. मग कळलं की शिवराज सर खिशात मोबाईल ठेवून माझ्या खांद्यावरून वाकून बघतात. मोबाईल लांब ठेवला, तरी वाजे. शेजारच्या मशीनच्या मोटारी चालू असल्या की ते बावचळायचं, म्हणून मला भिंतीकडेच्या कोपऱ्यात हलवलं. बॅटरी बदलली. मागचा खटका फिरवून त्याचे कान जरा कमी केले, तर अख्खी सुई समोर धरली तरी ते ढिम्म. सर ते घेऊन नवी पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे जाऊन आले. तो म्हणाला, यंत्र ठणठणीत आहे, तुमची जागाच खराब आहे. सर तोंड पाडून परत आले. सुताराकडून बिनखिळ्याचं टेबल येईपर्यंत मी जमिनीवर चादर अंथरून बसायचं ठरलं.

हातातल्या बांगड्या काचेच्या. केसातल्या पिना, पदराची सेफ्टी पिन गेटवरच्या डब्यात. मंगळसूत्र पाठीवर टाकलेलं. माझा डावा गुडघा वाकत नाही, म्हणून तो पाय लांब सोडायचा आणि त्यावरच शर्ट पसरायचा. आवाज कमी झाला, पण थांबला नाही. शेवटी ‘लांडगा आला रे’सारखं झालं. वाजलं तरी कुणी मान वर करून बघेना.

आणि मग एका गुरुवारी दुपारी दोन वाजता चैतालीची सुई तुटली.

चैताली माझीच माणूस. बावीस वर्षांची, कमी बोलणारी, हात साफ. मीच तिला इथं आणलं. तिची आई विड्या वळते, आजी वळायची, आणि ही पोरगी मला पहिल्या दिवशी म्हणाली होती की मावशी, काही करेन, पण त्या विड्यांच्या सुपापुढं परत बसणार नाही. त्या महिन्यात तिची ही तिसरी सुई. तिसऱ्या सुईचा तुकडा हरवला तर कामावरून कमी, असं भिंतीवर ठळक लिहिलंय. सुईचे तीन तुकडे मशीनखाली मिळाले. टोक मिळालं नाही. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढं टोक, आणि ते गठ्ठ्यातल्या अठ्ठेचाळीस शर्टांपैकी कुठल्या तरी एकात. पाच वाजता माल न्यायला गाडी येणार होती.

शर्ट माझ्यापुढे आले. पहिला वाजला. दुसरा वाजला. दहाच्या दहा वाजले. दहा शर्टांत एक टोक कसं असेल? मला रडू आलं नाही, संताप आला. तीन आठवडे झोपेतसुद्धा हा आवाज ऐकत होते मी. सर येऊन म्हणाले, राहू द्या मावशी, साडेचारला कात्री लावू. चैताली तिच्या मशीनपाशी हात मांडीवर ठेवून बसली होती. तिच्याच सुईचा माल तिनं तपासायचा नाही, असाही एक नियम आहेच.

मी अकरावा शर्ट बाजूला टाकला आणि रिकाम्या चादरीवर यंत्र फिरवलं. पायापाशी आलं आणि वाजलं. पाय बाजूला घेतला, गप्प झालं. परत पाय आणला, परत वाजलं.

मी माझ्या पायाकडे बघत बसले. जोडवी.

पिना काढायच्या, क्लिपा काढायच्या, सगळं सांगून झालं होतं. जोडव्यांचं कुणी बोललं नव्हतं, कारण ती कुणाला दागिना वाटतच नाहीत. नखासारखी ती पायाचीच असतात. त्यात माझी तर बोटात रुतलेली. त्रिंबक, माझा नवरा, नऊ वर्षांपूर्वी मैंदर्गीच्या बाजाराला म्हणून वळसंगहून निघाला तो आलाच नाही. मेला म्हणावं तर निरोप नाही, जिवंत म्हणावं तर तोंड दिसलं नाही. सासू म्हणाली, जोडवी काढू नको, काढलीस तर माझा लेक मेला असं होईल. म्हणून ठेवली. माझी हौस म्हणून नाही.

पाय बाजूला ठेवून बघितलं. पाच-सहा शर्ट झाले की गुडघा ठणके, पाय सरके आणि यंत्र वाजे. मग तो आवाज शर्टाचा की माझा, हे कळेना, परत पहिल्यापासून. अशानं मी सही कशाच्या जोरावर करणार होते? सव्वातीन झाले होते. हॉलमधल्या ज्या बायकांना तपासता येत होतं, त्या सगळ्यांच्याच पायात जोडवी होती.

मी चैतालीला हाक मारली आणि मशीनच्या तेलाचा डबा घेऊन ये म्हटलं. ती आली, माझ्या पायाकडे बघून तिला कळलं, आणि ती उभीच राहिली.

“मावशी, ऱ्हाऊ द्या. मी जाते घरी.”

“तेल घाल,” मी म्हटलं.

ती खाली बसली. बोटाभोवती तेल सोडून जोडवं हळूहळू फिरवत राहिली. कातडी सोलली, पण निघालं. दुसऱ्या पायातलं ठेवलं असतं तरी चाललं असतं, तो पाय मांडीखाली होता. पण अर्धा नवरा ठेवून करायचं काय? तेही काढायला लावलं. बोटांवर दोन पांढरे वळ उरले, लहान लेकरांच्या कातडीसारखे मऊ. मला एवढंच वाटलं की पाय हलका झाला. वाईट वाटेल म्हणून मी थांबले होते, पण तसं काही वाटलं नाही. त्याचीच मला थोडी लाज वाटली.

मग यंत्र गप्प झालं. एक शर्ट, दोन शर्ट, वीस शर्ट, गप्प. सरांना वाटलं बॅटरी संपली. मी ते बाजूच्या जोडव्यांवर धरलं. खणखणीत वाजलं. सर जोडव्यांकडे बघत राहिले आणि मग मान खाली घालून निघून गेले.

सदतिसावा शर्ट वाजला. डाव्या कफापाशी. यंत्र दूर नेलं, परत आणलं, तिथंच वाजलं. उलटीकडून आणलं, तिथंच. तीन आठवड्यांत मी एक गोष्ट शिकले होते, खोटा आवाज जागा बदलतो, खरा बदलत नाही. शिवण उसवली. दोन कापडांच्या मधे टोक बसलं होतं. उरलेले अकराही तपासले, सगळे गप्प. चार तुकडे वहीत चिकटवले, सही केली. गाडी वेळेवर गेली. चैताली मशीनवर जाऊन बसली आणि नवीन सुई ओवायला लागली. तिला तीनदा दोरा ओवावा लागला.

जोडवी मी रुमालात बांधून घरी नेली. सासू बजाबाई उंबऱ्यात बसून डाळ निवडत होती. मी चपला काढल्या आणि तिची नजर माझ्या बोटांवर गेली. ताट तिच्या हातात तसंच राहिलं.

“कुटं घावला?” तिनं विचारलं. आवाज अगदी बारीक.

“तो न्हाय घावला, आत्याबाई,” मी म्हटलं. “सुईचं टोक घावलं.”

मग सगळं सांगितलं. ती ऐकत होती की नाही, मला कळलं नाही. परत घालणार का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, न्हाय. पाय ठणकतोय, असं काहीतरी कारण द्यायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण दिलं नाही. दमले होते मी. आजची नाही, नऊ वर्षांची दमलेली होते. तिनं डाळीतला एक खडा वेचून बाहेर टाकला. मग ताट सरकवून म्हणाली, “बस जरा. हात दे निवडायला.” आम्ही दोघींनी डाळ निवडली.

दुसऱ्या दिवशी सर अडचणीत. रोज काम सुरू करण्याआधी यंत्र चालतं की नाही हे धातूच्या एका तुकड्यावर तपासून वहीत लिहायचं असतं, आणि यंत्राबरोबर आलेला तुकडा त्या सकाळी कुठं सापडेना. मी रुमाल सोडला आणि एक जोडवं यंत्राच्या डब्यात टाकलं. सर घेईनात. मी म्हटलं, घ्या, घरी नुसतंच पडून राहील.

आता रोज सकाळी नऊ वाजता मी डबा उघडते आणि जोडव्यावर यंत्र धरते. वाजतं. मी वहीत लिहिते, यंत्र बरोबर आहे, आणि पहिला शर्ट पुढे ओढते.