पत्ता नाही

मुलगा बायकोला टाकून निघून जातो आणि घरचे तोंड लांब करून जगाला सांगतात, "त्याचा काही पत्ता नाही हो!" वाचकहो, असं एखादं घर तुमच्याही गल्लीत असेल.

घड्याळजींच्या घरी हे वाक्य बरीच वर्षं चाललं होतं. सून इस्पितळात नर्स. तिनं घटस्फोटाचा अर्ज केला, पण नवऱ्याच्या नावचं समन्स दरवेळी परत जाई. शेवटी कोर्टानं हुकूम दिला, की तो जिथे शेवटचा राहत होता त्या दारावर नोटीस चिकटवा. म्हणजे याच दारावर!

बेलिफ खळ लावून कागद डकवून गेला. तो जिना उतरतो न उतरतो तोच घड्याळजींची बायको कडाडली, "अहो, बघत काय बसलात? खरवडा तो! चारचौघांत नाक कापलं हिनं."

घड्याळजींनी कागदावर पाणी मारलं आणि नखांनी तो ओरबाडून काढला.

दुपारी सून ड्यूटीवरून आली. दार तिनं पाहिलं आणि हात धुऊन ती पानं वाढू लागली. घड्याळजींनी घास तोंडाशी नेला आणि भपकन आंबूस वास आला. नखांत खळ होती. घड्याळाच्या तेलाचा थेंबही ज्या नखांत त्यांनी कधी राहू दिला नाही, तिथे हा चिकट, काळपट लगदा! त्यांनी घास परत ताटात टाकला.

"काय झालं रे दादा?" पाहुणी आलेली बहीण म्हणाली.

"हात नीट धुतले नाहीत."

"हात धुशील. पण दर रविवारी त्याच्याशी फोनवर कुजबुजतोस, ते तोंड कशानं धुणार?"

सुनेच्या हातातला डाव तसाच राहिला.

"वन्सं, घरातलं उकरून काढू नका!"

"उकरायला कशाला हवं, वहिनी? वास मारतोय! तो तिकडे दुसरा संसार थाटून बसलाय आणि ही इथे तुमची दुखणीखुपणी काढतेय. उद्या निकाल लागला, की हाच उगवेल आणि म्हणेल, मला कुणी कळवलंच नाही. की खटला पुन्हा पहिल्यापासून! हेच हवंय ना तुम्हाला?"

"मग आमचं म्हातारपण कोण बघणार?" बायको बोलून गेली.

घड्याळजींना तिची किळस आली. त्याहून जास्त स्वतःची.

"बाबा," सून हळू आवाजात म्हणाली, "मी विचारलं तेव्हा तुम्ही देवाची शपथ घेतली होतीत."

"घेतली होती. थू माझ्या जिभेवर! घे लिहून, पोरी, सांगतो पत्ता."

तिनं खिशातलं पेन काढलं आणि तळहातावरच पत्ता लिहून घेतला. आभार मानले नाहीत. का मानावेत?

"वकिलांकडे जाऊन येते. आज पुढचं तुमचं तुम्ही वाढून घ्या."

बायको पुटपुटत बसली. घड्याळजी उठले, नखं घासून घासून धुतली आणि आयुष्यात पहिल्यांदा पुढचा भात स्वतःच्या हातानं वाढून घेतला.

मंडळी, हरवलेल्याला शोधता येतं, पण घरच्यांनीच दडवलेल्याला कोर्टानं कुठे शोधावं? पळणारा एकदाच पळतो. त्याला झाकणारे मात्र त्या बाईचं आयुष्य रोज चोरत असतात. अशा घरातून "पत्ता नाही" ऐकू आलं, तर हळहळू नका. सरळ विचारा, "कुणापासून लपवताय?"